मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकांसाठी भौतिकोपचार : बदलते दृष्टिकोन आणि घरातील उपचार

बीजसंज्ञा : मेंदूचा पक्षाघात, भौतिकोपचार, कारक विकास, स्नायूंचा ताठरपणा, कार्यकेंद्री उपचार, पालकांचा सहभाग

प्रस्तावना

बालवयातील शारीरिक अपंगत्वाच्या कारणांमध्ये मेंदूचा पक्षाघात, अर्थात सेरेब्रल पाल्सी, हे आज सर्वांत ठळक कारण मानले जाते. एकेकाळी भारतात हे स्थान पोलिओकडे होते. मुंबईतील हाजीअली येथे १९५५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक औषधोपचार व पुनर्वसन संस्था असो किंवा जिल्ह्याजिल्ह्यांत भरणारी कॅलिपर वाटपाची शिबिरे असोत, आपल्याकडील बाल-पुनर्वसनाची घडण बऱ्याच अंशी पोलिओग्रस्त मुलांच्या गरजांभोवती झाली. भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागास २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु भौतिकोपचार म्हणजे पायाला आधार बांधणे आणि हातपाय हलवून देणे, ही त्या काळातील समजूत मात्र मागे राहिली. पोलिओमध्ये स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जापेशी निकामी होतात, म्हणून अवयव लुळा पडतो. मेंदूच्या पक्षाघातात स्नायू व नसा मुळात शाबूत असतात. बिघाड असतो तो त्यांना आज्ञा देणाऱ्या मेंदूत. साहजिकच एका आजारासाठी घडलेले उपचार दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

भौतिकोपचाराने मेंदूतील इजा भरून येत नाही, हे सर्वच तज्ज्ञ मान्य करतात. मग तो नेमके काय साध्य करतो, आणि त्यासाठी बालकाने व त्याच्या आईने आयुष्याचे किती तास खर्च करावेत, या प्रश्नांची उत्तरे गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत अनेकदा बदलली. प्रस्तुत लेखात या बदलांचा मागोवा घेऊन आजच्या पुराव्याच्या आधारे कोणते उपचार ग्राह्य ठरतात, तसेच महाराष्ट्रातील सामान्य घरात ते कोणत्या रूपाने येऊ शकतात, याचा ऊहापोह केला आहे.

मेंदूच्या पक्षाघाताचे स्वरूप

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी अथवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात विकसनशील मेंदूला पोहोचलेल्या इजेमुळे हालचाल व शरीरस्थिती यांवर कायमस्वरूपी परिणाम होणाऱ्या विकारसमूहास मेंदूचा पक्षाघात असे म्हणतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने यात एक महत्त्वाची भर घातली. हालचालीच्या दोषासोबत संवेदना, आकलन, संवाद व वर्तन यांतील अडचणी, अपस्मार तसेच स्नायू-अस्थींचे दुय्यम दोष असू शकतात, असे त्या व्याख्येत स्पष्टपणे नमूद आहे. मेंदूतील इजा वाढत नाही, परंतु शरीर वाढते. हाडांची लांबी वाढत असताना ताठर स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे सांधे आखडतात. तिसऱ्या वर्षी टाच टेकवून उभे राहणारे मूल आठव्या वर्षी चवड्यांवर चालू लागते आणि 'आजार वाढला' असा पालकांचा समज होतो, त्यामागील कारण हे आहे.

लक्षणांनुसार याचे ताठर, अनैच्छिक हालचालींचा व तोल बिघडलेला असे प्रमुख प्रकार केले जातात. बहुसंख्य बालके ताठर प्रकारात मोडतात. त्यातही शरीराची एकच बाजू बाधित असल्यास हेमिप्लेजिया, हातांपेक्षा पाय अधिक बाधित असल्यास डायप्लेजिया आणि चारही अवयव बाधित असल्यास क्वाड्रिप्लेजिया अशी नावे रूढ आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत डायप्लेजिया अधिक आढळतो. नवजात काविळीकडे वेळीच लक्ष न गेल्यास अनैच्छिक हालचालींचा प्रकार उद्भवू शकतो. भारतीय पाहण्यांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणानुसार दर हजार मुलांमागे सुमारे तीन मुलांना मेंदूचा पक्षाघात असतो.

निदानास होणारा विलंब ही आपल्याकडील जुनी अडचण होय. मूल मान धरत नाही, मुठी सोडत नाही, एकाच हाताने खेळते, हे आईच्या ध्यानात सर्वांत आधी येते. पण 'आमच्या घराण्यात सगळीच उशिरा चालली' या दिलाशाने वर्ष-दीड वर्ष निघून जाते. मालीश करणारी बदलली जाते, तेल बदलले जाते. वस्तुतः एक वर्षाच्या आतच उजवा-डावा हात ठरणे ही स्वतःच धोक्याची खूण आहे, कारण निरोगी अर्भक त्या वयात दोन्ही हात सारखेच वापरते. मेंदूचे एमआरआय चित्रण, अर्भकाच्या उत्स्फूर्त हालचालींचे निरीक्षण व प्रमाणित चेतातपासणी यांच्या साहाय्याने पाच महिन्यांच्या आतही विश्वसनीय निदान शक्य असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत म्हटले आहे. निदान निश्चित नसले तरी 'अधिक धोका असलेले बालक' समजून उपचार सुरू करावेत, असेही त्यात सुचविले आहे.

उपचारपद्धतींचा पूर्वेतिहास

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये कठीण प्रसूती व बालकांतील ताठरपणा यांचा संबंध मांडला. त्यामुळे हा आजार दीर्घकाळ 'लिटलचा आजार' म्हणूनच ओळखला गेला. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले सिग्मंड फ्रॉइड हे त्यापूर्वी चेतारोगतज्ज्ञ होते, याचा अनेकांना विसर पडतो. मेंदूतील दोष गर्भावस्थेतच असू शकतो आणि कठीण प्रसूती हा त्याचा परिणामही असू शकेल, असा विचार त्यांनी १८९७ च्या ग्रंथात मांडला होता. पुढील संशोधन बऱ्याच अंशी फ्रॉइडच्या बाजूने झुकले. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरला किंवा स्वतःला दोष देत राहणाऱ्या मातांसाठी ही बाब केवळ ऐतिहासिक नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास उपचारांचे अनेक संप्रदाय उदयास आले. त्यांपैकी सर्वाधिक प्रभाव पडला तो बोबाथ पद्धतीचा. व्यायामशिक्षिका बर्टा बोबाथ व त्यांचे पती डॉ. कारेल बोबाथ हे नाझी राजवटीमुळे लंडनला आलेले निर्वासित दांपत्य. ताठरपणा व अर्भकावस्थेतील प्रतिक्षिप्त क्रिया दाबून धरल्या आणि विशिष्ट प्रकारे शरीर हाताळून 'स्वाभाविक' हालचालींना वाट करून दिली, तर मेंदू योग्य हालचाल शिकेल, असे या पद्धतीचे गृहीतक होते. मुलाने आधी मान, मग कूस, मग बसणे, मग रांगणे या स्वाभाविक क्रमानेच पुढे जावे, असा आग्रह त्यातून आला. जगभरातील भौतिकोपचार महाविद्यालयांतून ही पद्धत शिकविली गेली आणि आजही भारतातील अनेक केंद्रांत तीच उपचारांचा पाया आहे.

झेक चिकित्सक वाक्लाव्ह व्होयटा यांनी शरीरावरील ठरावीक बिंदूंवर दाब देऊन रांगण्यासारख्या प्रतिक्षिप्त हालचाली जागविण्याची पद्धत विकसित केली. दिवसातून अनेकदा आईनेच हा दाब द्यावयाचा असतो आणि बहुतेक अर्भके त्या वेळी रडतात. फिलाडेल्फिया येथील डोमन-डेलाकाटो पद्धतीत तर चार-पाच माणसांनी मिळून मुलाचे डोके व हातपाय ठरावीक लयीत दिवसभर पुन्हापुन्हा हलवावयाचे असत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९६८, १९८२ आणि १९९९ अशी तीनदा या पद्धतीविरुद्ध सावधगिरीची सूचना दिली. एकदा सांगून भागले नाही, यावरून पालकांच्या आशेची ताकद लक्षात येते.

या सर्वांहून वेगळी वाट हंगेरीतील आंद्रास पेटो यांची. बुडापेस्ट येथील त्यांच्या संस्थेत भौतिकोपचार हा निराळा तास नव्हता. फळ्यांचे पलंग व शिडीसारख्या पाठीच्या खुर्च्या असलेल्या खोलीत मुलांचा गट दिवसभर एकत्र शिके. उठणे, बसणे, जेवणे, शौचास जाणे हेच अभ्यासाचे विषय होते आणि हालचालीच्या आधी ती मोठ्याने म्हणून लय धरली जाई. १९८६ मध्ये बीबीसीने दाखविलेल्या एका माहितीपटानंतर अनेक ब्रिटिश कुटुंबांनी बुडापेस्टची वाट धरली. पेटोपद्धती इतर उपचारांहून श्रेष्ठ असल्याचे पुढील अभ्यासांतून सिद्ध झाले नाही. तथापि हालचाल ही शिकण्याची गोष्ट आहे, 'करून देण्याची' नव्हे, हे सूत्र तिने फार आधी ओळखले होते.

एका चाचणीने उपस्थित केलेला प्रश्न

भौतिकोपचार उपयुक्त असतोच, या श्रद्धेला पहिला मोठा धक्का १९८८ मध्ये बसला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बारा ते एकोणीस महिने वयाच्या, ताठर डायप्लेजिया असलेल्या ४८ बालकांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास संपूर्ण वर्षभर बोबाथ पद्धतीवर आधारित भौतिकोपचार देण्यात आला. दुसऱ्या गटास पहिले सहा महिने हालचाल, संवेदना, भाषा व आकलन यांना चालना देणारे खेळ शिकविण्यात आले आणि नंतरचे सहा महिने भौतिकोपचार देण्यात आला. ज्या परीक्षकांनी मुलांची तपासणी केली, त्यांना कोणते मूल कोणत्या गटातील हे ठाऊक नव्हते. वर्षअखेर पहिल्या गटातील एक तृतीयांशाहून थोडी अधिक मुले चालू लागली होती. खेळाने सुरुवात केलेल्या गटात हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या जवळ होते.

या निष्कर्षावर बराच वाद झाला. संख्या लहान होती, आजाराचा प्रकार एकच होता आणि दोन्ही गटांतील सुरुवातीची तीव्रता तंतोतंत सारखी होती का, अशी शंका घेतली गेली. हे आक्षेप गैरलागू नाहीत. परंतु त्यांतील कोणत्याही आक्षेपाने उलट बाजू, म्हणजे हाताळणीचे श्रेष्ठत्व, सिद्ध होत नव्हती. २००१ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत ५६ मुलांचा दीड वर्ष पाठपुरावा करण्यात आला. त्यात नेहमीच्या भौतिकोपचाराच्या तुलनेत अधिक वेळा दिलेल्या भौतिकोपचाराने हालचालीच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे केवळ 'अधिक' केल्यानेही प्रश्न सुटत नव्हता.

या निष्कर्षांचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा काढणे चुकीचे ठरेल. फरक मुलाच्या सहभागात आहे. तज्ज्ञाच्या हातात मूल निष्क्रिय असते. त्याचा ताठरपणा त्या अर्ध्या तासापुरता सैल होतो, पालकांना तो हाताला जाणवतो आणि समाधान वाटते. पण मेंदूने त्यातून काही शिकलेले नसते. उलट, दूरवर ठेवलेला चेंडू मिळविण्यासाठी मूल स्वतः धडपडते, चुकते, पुन्हा प्रयत्न करते, तेव्हा मेंदूतील जोडण्या बदलण्यास कारण मिळते. सायकल शिकणाऱ्या मुलाचे पाय कोणी हातांनी फिरवून दिले तर त्याला सायकल येणार नाही, हे कोणासही पटते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र ते पटण्यास अर्धे शतक जावे लागले.

ताठरपणा आणि अशक्तपणा

बोबाथ विचारसरणीचा एक दूरगामी परिणाम म्हणजे ताकदीच्या व्यायामाविषयीची भीती. जोर लावल्यास ताठरपणा वाढेल, म्हणून अशा मुलांना वजन उचलू देऊ नये, असे अनेक वर्षे शिकविले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील डायान डामियानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठर स्नायू प्रत्यक्षात अशक्तही असतात, व्यायामाने त्यांची ताकद वाढते आणि ताठरपणा त्यामुळे वाढत नाही, हे दाखवून दिले. ताकद वाढल्याने चालणे आपोआप सुधारतेच असे नाही, ही मर्यादाही नंतरच्या अभ्यासांतून पुढे आली. तरीही जिन्याची पायरी चढणे किंवा पाटावरून हाताचा आधार न घेता उठणे अशा स्वरूपात ताकदीचा सराव देण्यास आता कोणताही शास्त्रीय अडसर राहिलेला नाही.

याच्या उलट नशीब हाताने स्नायू ताणून देण्याचे. आपल्याकडे भौतिकोपचार म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते हेच : मूल आडवे, पाय धरलेला, घोटा वर दाबलेला, मूल रडते आहे. मात्र दिवसातून काही मिनिटे दिलेल्या अशा ताणाने सांधे आखडण्याचे थांबत नाही, असे उपलब्ध पुरावा सांगतो. स्नायूची लांबी टिकवावयाची तर तो दीर्घकाळ लांबलेल्या स्थितीत राहावा लागतो; त्यासाठी पायाचा मोल्डेड आधार, काही आठवड्यांचे प्लास्टर, उभे राहण्याची चौकट असे मार्ग अवलंबिले जातात. बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनने १९९० च्या दशकापासून ताठरपणा काही महिन्यांपुरता कमी करता येऊ लागला आहे. परंतु त्या मोकळ्या महिन्यांत सरावाची जोड मिळाली नाही तर खर्च व वेदना या दोन्ही बाबी वाया जाण्याचा संभव असतो.

कार्यकेंद्री उपचार

इओना नोव्हाक व त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या आजारावरील ६४ उपचारांच्या पुराव्याचा आढावा घेऊन त्यांना वाहतूक दिव्यांचे रंग दिले. हिरव्या रंगात आलेल्या उपचारांत विशिष्ट ध्येय ठरवून केलेला सराव, हाताचे गहन प्रशिक्षण व घरी करावयाचा नियोजित कार्यक्रम यांचा समावेश होता. पारंपरिक बोबाथ हाताळणी व केवळ हाताने ताण देणे यांना हिरवा रंग मिळाला नाही. २०२० मधील सुधारित आढाव्यातही मूलभूत चित्र तेच राहिले.

यांतील हाताच्या प्रशिक्षणाचा इतिहास उद्बोधक आहे. एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताची संवेदना नाहीशी केली असता माकडांनी तो हात वापरणेच सोडले; पण चांगला हात बांधून ठेवल्यावर ती बाधित हात पुन्हा वापरू लागली. (त्यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या अवस्थेवरून १९८१ मध्ये अमेरिकेत मोठे वादंग उठले, हेही या इतिहासाचाच भाग आहे.) 'शिकलेला अनुपयोग' ही संकल्पना त्यातून आली. हेमिप्लेजिया असलेल्या मुलाच्या बाबतीत तर हात वापरणे सोडून देण्याचा प्रश्नच नसतो. तो हात वापरावयाचा असतो हे त्याच्या मेंदूने कधी शिकलेलेच नसते. म्हणून चांगल्या हातावर काही तास मऊ मोजा अथवा आधार चढवून बाधित हाताने खेळ व कामे करून घेतली जातात. दोन्ही हातांनी मिळून करावयाच्या कामांचा सरावही, तितकेच तास दिल्यास, जवळपास तितकाच फायदा देतो. हाताच्या एकूण क्षमतेत फरक पडण्यासाठी सुमारे तीस ते चाळीस तासांचा सराव लागतो, तर एखादे ठरावीक काम शिकण्यास साधारण पंधरा ते पंचवीस तास पुरतात, असे अलीकडील विश्लेषण सांगते.

अशा सरावास परदेशी खेळणी लागत नाहीत. मटार सोलणे, कणकेचा गोळा दोन्ही तळव्यांत फिरवणे, डब्याचे झाकण काढणे, लसूण निवडणे, पतंगाची फिरकी धरणे ही कामे दोन हातांवाचून होतच नाहीत. मात्र एका सांस्कृतिक अडचणीचा येथे उल्लेख करणे आवश्यक वाटते. उजवी बाजू बाधित असलेले मूल स्वाभाविकपणे डाव्या हाताने जेवते आणि पंगतीत त्यास टोकले जाते. उजव्या हाताचा सराव आणि 'उजव्याच हाताने जेव' हा दंडक या दोन भिन्न गोष्टी आहेत. भुकेच्या वेळी ताटावर केलेली सक्ती शिकण्यास मारक ठरते. जेवण डाव्या हाताने व वाटी धरण्याचे काम उजव्याकडे, अशी विभागणी केल्यास उजव्या हातालाही काम मिळते आणि मूल उपाशीही राहत नाही.

मुलाला बदलण्याऐवजी काम व परिसर बदलण्याचा मार्गही तितकाच परिणामकारक असल्याचे कॅनडातील एका चाचणीने २०११ मध्ये दाखविले. १२८ मुलांच्या या अभ्यासात एका गटात मुलाच्या ताकद, ताठरपणा इत्यादी दोषांवर उपचार करण्यात आले, तर दुसऱ्या गटात मुलाचे दोष बाजूला ठेवून केवळ कामाची रीत व भोवतालची मांडणी बदलण्यात आली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची प्रगती सारखीच होती. आपल्याकडील जमिनीवरच्या जीवनपद्धतीत या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे. मांडीमागचे स्नायू ताठर असलेल्या मुलास पाय लांब करून जमिनीवर बसविल्यास त्याची पाठ वाकते, ते मागे पडते आणि दोन्ही हात तोल सांभाळण्यातच गुंतून राहतात. त्यास पाटावर किंवा लहान चौरंगावर बसविले की कंबर उंचावते, पाठ सरळ होते आणि हात मोकळे होतात. भारतीय पद्धतीच्या शौचकुपावर चाकोरीचा स्टूल ठेवणे व भिंतीस दांडा बसविणे हे कोणत्याही व्यायामापेक्षा लवकर स्वावलंबन देते. पावले नितंबांच्या दोन्ही बाजूंना टाकून बसण्याची सवय मोडावी, असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. पण ज्या मुलाला त्या एकाच बैठकीत दोन्ही हातांनी खेळता येते, त्यास पर्यायी बैठक न देता दिवसभर रागावत राहणे शहाणपणाचे नाही.

अपेक्षांची पातळी

'माझे मूल चालेल का?' या प्रश्नाचे उत्तर देणे १९९७ पर्यंत अनुभवावर अवलंबून होते. त्या वर्षी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्थूल कारक कार्यांची पाच पातळ्यांची वर्गीकरण पद्धती मांडली. पहिल्या पातळीवरील मूल घरीदारी आधाराविना चालते व पळतेही; तिसऱ्या पातळीवरील मूल हातात धरावयाच्या साधनाने चालते; पाचव्या पातळीवरील मुलास मान व धड सावरण्यासही आधार लागतो. याच गटाने २००२ मध्ये ओंटारिओतील ६५७ मुलांच्या नोंदींवरून प्रत्येक पातळीचे विकासवक्र प्रसिद्ध केले. पहिल्या पातळीवरील मुले आपल्या स्थूल कारक क्षमतेचा सुमारे ९० टक्के भाग पाच वर्षांच्या आसपास, तर पाचव्या पातळीवरील मुले तीन वर्षांच्या आतच गाठतात, असे त्यातून दिसून आले.

हे वक्र निष्ठुर वाटतात. परंतु दहा वर्षांच्या, पाचव्या पातळीवरील मुलास 'आणखी दोन वर्षे व्यायाम केल्यास नक्की चालेल' असे सांगून पैसे घेणे त्याहून अधिक निष्ठुर आहे. अशा आश्वासनांचा बाजार मोठा आहे. उदाहरणार्थ, उच्चदाब ऑक्सिजन उपचाराची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडातील चाचणी पाहावी. १११ मुलांपैकी निम्म्यांना उच्चदाबाखाली ऑक्सिजन व निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा दिली असता दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे सुधारणा झाली, पण ती ऑक्सिजनमुळे झाली असे म्हणता येईना. पालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली प्रगती खरी असूनही तिचे श्रेय चुकीच्या ठिकाणी जाऊ शकते.

पातळी ठरली म्हणजे उपचार संपले असे नव्हे. उपचारांचे ध्येय बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने शरीरातील दोषाइतकेच दैनंदिन कृती व सामाजिक सहभाग यांना स्थान दिले. चौथ्या पातळीवरील मुलीसाठी चार पावले चालण्यापेक्षा चाकांची खुर्ची स्वतः चालवून वर्गात जाणे हे अधिक मोलाचे ध्येय असू शकते. चाकांची खुर्ची म्हणजे हार, ही आपल्याकडील धारणा अनेक मुलांना वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत आईच्या कडेवर ठेवते.

खुब्याची जपणूक

ज्या एका गोष्टीकडे भौतिकोपचारतज्ज्ञाने कधीही दुर्लक्ष करू नये, ती म्हणजे खुब्याचा सांधा. जन्मतः हा सांधा बहुधा ठीक असतो. पण मांड्या जवळ ओढणाऱ्या स्नायूंचा ताठरपणा व उभे राहण्याचा अभाव यांमुळे मांडीच्या हाडाचे डोके हळूहळू खोबणीबाहेर सरकते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या पातळीवरील एकाही मुलाचा खुबा सरकला नव्हता, तर पाचव्या पातळीवर हे प्रमाण ९० टक्के होते. सुरुवातीस दुखत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. दुखू लागते तेव्हा मूल बसू शकत नाही, लंगोट बदलताना किंचाळते आणि बोलता येत नसल्याने कारण सांगू शकत नाही. कमरेचा एक साधा एक्स-रे ठरावीक अंतराने काढून हाडाचे डोके किती टक्के बाहेर आहे हे मोजले आणि ते ३० टक्क्यांच्या पुढे जाताच अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठविले, तर ही अवस्था टाळता येते. स्वीडनने १९९४ पासून अशी नोंदणी सुरू केली आणि तेथे खुबा पूर्ण निखळण्याचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले. एक्स-रेची सोय आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणीही असते. नसते ती वेळापत्रकाची सवय.

घर, आई आणि अंतर

मुंबईत १९७२ मध्ये डॉ. मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली आणि एकाच छपराखाली शिक्षण व उपचार देण्याचा प्रघात देशात रुजविला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात मेंदूच्या पक्षाघाताचा स्वतंत्र उल्लेख आला; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांतही तो समाविष्ट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्या अंतर्गत अंगणवाडी व शाळांतून तपासणी करून बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची योजना आहे. कागदावरील ही साखळी चांगली आहे. तथापि केंद्र जिल्ह्याच्या गावी आणि मूल वाडीवस्तीवर, हे अंतर तपासणीच्या चिठ्ठीने मिटत नाही. एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते. त्या दिवशी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळत नाही. आठवड्यातून तीनदा या, असे सांगितलेली आई तिसऱ्या आठवड्यात येईनाशी होते आणि तिच्या कागदावर 'पालकांचे सहकार्य नाही' असा शेरा पडतो.

या संदर्भात घरगुती कार्यक्रमाविषयीचा पुरावा दिलासादायक आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत आठ आठवड्यांचा, कुटुंबानेच ध्येय निवडलेला घरगुती कार्यक्रम परिणामकारक ठरला. त्या कुटुंबांनी तो सरासरी महिन्यातून सतरा-अठरा वेळा आणि दर वेळी सुमारे सोळा-सतरा मिनिटे राबविला होता. म्हणजे रोज दोन तासांच्या व्यायामाची सक्ती त्यामागे नव्हती. निर्णायक बाब होती ती ध्येय कोणी ठरविले ही. 'धडाचे नियंत्रण सुधारणे' हे तज्ज्ञाचे ध्येय झाले. 'मी भाकरी थापते तेवढा वेळ तो एकटा बसावा' हे आईचे. दुसऱ्यासाठी आई रोज वेळ काढते, कारण त्यातून तिचाही वेळ सुटतो. गावोगावच्या पालकांसाठी डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात स्थानिक लाकूड, बांबू व कापड यांतून खुर्च्या-चौकटी बनविण्याच्या रीती चित्रांसह दिल्या आहेत; तालुक्यातील सुतारास तसे चित्र दाखविल्यास कोपऱ्याची खुर्ची सहज तयार होते.

आईला घरातील उपचारतज्ज्ञ बनविण्याच्या उत्साहात तिचे आईपण हिरावले जाण्याचा धोका असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. जी आई दिसली की मूल रडू लागते, तिने व्यायाम थांबवून त्याला मांडीवर घेणे हाच काही दिवसांचा योग्य उपचार होय. शिवाय उचलणारी व्यक्ती बहुधा तीच असते. मूल वाढते, तिची कंबर झिजते. कसे उचलावे, केव्हा दोघांनी उचलावे, हे तिला शिकविणे भौतिकोपचाराच्याच कक्षेत येते, पण क्वचितच शिकविले जाते. व्यायामाच्या कागदावर वडील, आजोबा व भावंडे यांची नावे लिहून कामे वाटून देण्यास खर्च काहीच येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. मेंदूचा पक्षाघात असलेली व्यक्ती बहुतेक वेळा त्यानंतर अनेक दशके जगते. विशीत व तिशीत सांधेदुखी व थकवा वाढतो, आणि पौगंडावस्थेपर्यंत चालणारे काही तरुण चालणे सोडतात. लहानपणी आठवड्यातून तीनदा उपचार घेतलेल्या या तरुणांना त्या वयात वर्षातून एकदा तरी तपासणारा विभाग जिल्हा रुग्णालयात कोणता असावा, हे अद्याप ठरलेले दिसत नाही.